मागचा रेक

मोटारशर्यतीत जय-पराजय ठरतो तो गाडीची शेपूट नाकापेक्षा किती उंच आहे यावर. या उताराला रेक म्हणतात. त्यामुळे गाडीच्या पोटाखालची जागा मागे रुंदावत जाते, तिथून हवा जोरात खेचली जाते, दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. वळणावर तेच हवं असतं.

सुरतेजवळ कडोदऱ्याच्या एका साडी मिलच्या शेठना रेसिंग टीम काढायची हुक्की आली, म्हणून मला नोकरी होती. ट्रॅकवरची पहिली चाचणी फसली तर रेसिंग बंद आणि गाडीच्या शेडमध्ये एम्ब्रॉयडरीची मशिनं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मी तयारीसाठी ट्रॅकवर पुढे गेलो होतो. तिथून शेठना फोन केला.

"गाडी पाठवताना मागचा रेक वाढवा. वीस मिलिमीटर."

"थई जशे."

शेठ गाडी घेऊन आले. टेम्पोतून ती उतरली तेव्हा तिच्या मागे तीन फळ्यांची लोखंडी मांडणी वेल्ड केलेली होती.

"शेठ, हे काय?"

"रेक! वीसचा पाइप नाही भेटला, पचीसचा टाकला."

सुरतेत बँकेला बेंक म्हणतात आणि रॅकला रेक. हे मला माहीत होतं. फोनवर आठवलं नाही.

वेल्डर भिकनभाऊ अमळनेरकडचे. ते फळीवर चढून उभे राहिले. "पाहा साहेब, हालते का?"

"भाऊ, कापा ते."

"त्यावर शेठचं नाव लिहेल आहे ना."

"माझं नाव कापणार?" शेठनी विचारलं.

नाव राहिलं. लोखंडाच्या वजनानं शेपूट बसली, नाक वर झालं. म्हणजे रेक होता, पण उलटा. एक फेरी मारून ड्रायव्हर परतला.

"स्टिअरिंग वळतंय," तो म्हणाला. "गाडीला अजून कळवलेलं नाही."

शेठनी तिथूनच मशिनांची ऑर्डर दिली.

हल्ली मी त्याच शेडमध्ये एम्ब्रॉयडरीच्या मशिनांचं मेंटेनन्स पाहतो. धडा एवढाच, की तांत्रिक शब्द फोनवर सांगू नये. गाडी शेठच्या रिंग रोडवरच्या दुकानात, दाराकडे पाठ करून उभी आहे. फळ्यांवर साड्या असतात.

परवा शेठचा फोन आला.

"खालची साडी काउंटरमागे झाकाय छे. गाडी मागून जरा उंच करून द्या ने."

मी जाऊन करून दिली. वीस मिलिमीटर पुरले.