भागाबाईच्या मापाचे हातमोजे

पिंपळनेरच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला भागाबाईचं शेत होतं. नवरा धनसिंग गेल्यावर ती तिथल्याच झोपडीत एकटी राहायची. मूलबाळ नव्हतं. जाऊ यशोदाबाई गावात राहायला बोलवायची, पण दुसऱ्याच्या घरात कोपरा धरून बसणं तिला नको होतं.

अडुसष्ट साली गावात मधमाशा पाळायचा वर्ग भरला. शिकणाऱ्यांत बाई ती एकटीच. शिकवणाऱ्या गिरधरभाऊंनी सगळ्यांना जाड चामड्याचे हातमोजे दिले. ते पुरुषांच्या मापाचे; भागाबाईच्या बोटांपुढं चामडं रिकामंच लोंबायचं. पेटीतली पहिलीच चौकट उचलताना त्या टोकाखाली एक माशी चिरडली. तिचा वास लागताच बाकीच्या उसळल्या आणि सैल मनगटातून शिरून दंडापर्यंत डसल्या. गिरधरभाऊंनी समजावलं, की नवख्यानं हातमोजे घालावेतच, पण बोटाखालची माशी कळली पाहिजे. लोकरीचे तर नकोतच, माशीचे पाय त्यात अडकतात.

मग ती मांजरपाट घेऊन तोताराम शिंप्याकडं गेली. त्यानं तिचा पंजा कापडावर ठेवला, मनगट धरलं आणि बोटांच्या कडेनं खडू फिरवला.

"अक्का, हात हलू देऊ नको," तो म्हणाला.

धनसिंग गेल्यापासून तिचा हात कुणी धरला नव्हता. तिनं तोंड भिंतीकडं वळवलं.

मोजे कोपरापर्यंत आले, वर नाडी. वर्ग संपल्यावर तिनं माशांची एक पेटी झोपडीशेजारी ठेवली आणि लोहाराकडून हलकी पटाशी करून घेतली. मेणानं चिकटलेल्या चौकटी ती त्या पटाशीनं अलगद सोडवायची. माशा रमल्या. माणसं मात्र येईनाशी झाली. यशोदाबाईला एकदा ओठावर डंख बसला, तेव्हापासून ती बांधावरूनच हाक मारून परतायची. भागाबाईचं बोलणं व्हायचं ते पेटीशी.

बहात्तरच्या दुष्काळात फुलंच आली नाहीत. एका सकाळी पेटी उघडली, तर आत नुसतं वाळकं पोळं. एकही माशी नव्हती. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही.

पुढचा पावसाळा सरल्यावर ओढ्याकाठच्या पोकळ झाडात तिला मोहोळ दिसलं. मोजे तोवर विरले होते. नवे शिवायला ती थांबली नाही. धूर देऊन, उघड्या हातांनी पोळं कापून तिनं चौकटीला बांधलं. डंख बसले, ते सोसले. संध्याकाळी माशा पेटीत शिरल्या, तशी ती शेजारी बसली.

"आते कोठे जाऊ नका," ती हळूच म्हणाली. "आठेच राहा. मी शे ना." इथंच राहा, मी आहे ना, असं ती आपल्या अहिराणीत विनवत होती.

माशा राहिल्या. भागाबाईही शेवटपर्यंत तिथंच राहिली.