शेवंतीकाकूची चूल

पृथ्वी वाचवण्याची जबाबदारी आपल्या प्रत्येकाची आहे. परवा आमच्या किनाऱ्यावर ती सगळीच्या सगळी शेवंतीकाकूवर येऊन पडली.

काकू माडाखाली चूल मांडून घावणे विकते. तिचं घर त्यावरच चालतं. शेजारच्या मांडवात त्या दिवशी हरित पर्यटनाचा समारंभ होता आणि त्यासाठी परदेशी पाहुणे समुद्र ओलांडून विमानाने आले होते. मध्येच वारा फिरला, चुलीचा धूर मांडवात शिरला आणि एक साहेब तरातरा बाहेर आले.

"मावशी, ती चूल विझवा आधी. या धुराने देशाचं कार्बन उत्सर्जन वाढतं!"

"मगे घावणे काय उन्हात भाजू, सायबानू?"

साहेबांना हसू आलं नाही. उद्यापासून इथे चूल दिसता कामा नये, असं बजावून ते पुन्हा भाषण ऐकायला गेले. काकूने तांब्याभर पाणी ओतलं. चुलीतली नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, चुरचुरत विझली आणि तव्यावरचं घावण अर्धं कच्चंच राहिलं.

माझा संताप अजून उतरलेला नाही. डोळ्यांत जाणारा धूर तेवढा आपल्याला दिसतो. ढगांच्या वर सोडलेल्या धुराचं मात्र आपण हार घालून स्वागत करतो, आणि वर त्याचे फोटोही काढतो. मांडवात तेव्हा टाळ्या चालू होत्या. काकू तवा घासत होती.

आंतरराष्ट्रीय विमानांचा धूर कुठल्याही देशाच्या उत्सर्जनाच्या बेरजेत धरला जात नाही.