बाथरूमच्या खिडकीतून आलेली ओळ

मंडळी, आमच्या पत्र्याच्या शाळेत अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तो आवाज अजून कानात आहे. पण त्यातल्या माझ्या लाडक्या कवितेची दुसरी ओळच हल्ली आठवेना. आता हळूहळू सगळंच पुसलं जाणार, अशी धास्ती बसली होती.

आज सकाळी खारघरच्या आमच्या फ्लॅटमध्ये अंघोळ करताना पहिली ओळ म्हटली आणि नेहमीसारखा अडलो. तोच खिडकीबाहेरच्या, पाइपांच्या उभ्या डक्टमधून कुणीतरी दुसरी ओळ म्हटली. अगदी आमच्या शाळेतल्या चालीवर!

बाहेर येऊन नातीला सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, किती सरियल!"

"म्हणजे विचित्र?"

"छे हो! विचित्र म्हणजे बिझार. काही अर्थच नसेल तर ॲब्सर्ड. सरियल म्हणजे जागेपणी स्वप्नात असल्यासारखं."

मग सरियलच. पण मला त्या आवाजाचे आभारही मानायचेत, ते या शब्दात मावत नाहीत. तुमच्याकडे आहे का एखादा शब्द?

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे दळवी. पार्किंगवरून वर्षभर माझ्याशी अबोला धरलेले.

"अहो, तिसरी ओळ येते का तुम्हाला? मी सकाळपासून तिथेच अडकलोय."