पुष्पाताईंची मापाची खुर्ची

मिळालेली व्हीलचेअर माझ्या नणंदेने परत केली, तेव्हा मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

आज सकाळी पुष्पाताई गेल्या.

तेव्हापासून फोन येतायत. सगळे म्हणतात, सुनंदा, तू त्यांचं खूप केलंस.
म्हणून हे लिहितेय. त्यांनी काय केलं आणि मी काय केलं, ते नीट माहीत असू दे.

लग्न होऊन मी मोरिवलीला आले तेव्हा ताई तिशीच्या होत्या. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांत जोर नाही. हातात चपला घालून फरशीवरून सरकत घरभर फिरायच्या. अशाच घरी अभ्यास करून मॅट्रिक झालेल्या.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, एका ट्रस्टचं शिबिर झालं. नाव पुकारलं, हार घातला, फोटो काढला, व्हीलचेअर दिली.

माप कुणी घेतलं नाही.

ताई अंगाने बारीक, पाठ एका बाजूला झुकलेली. खुर्ची दांडग्या पुरुषाची. पाय फूटरेस्टपर्यंत पोचायचे नाहीत, मी ते ओढणीने बांधायचे. त्या सारख्या डावीकडे कलंडायच्या.

पण मला ती खुर्ची आवडायची. खरं सांगते. न्हाणीपर्यंत त्यांना उचलून न्यावं लागत नव्हतं.

सहा महिन्यांत त्यांच्या डाव्या खुब्यावर जखम झाली. अंबरनाथचे आमचे डॉक्टर म्हणाले, "मलम देतो, पण ही जखम खुर्चीने केलीय. मापाची खुर्ची लागेल." त्यांनी मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलला चिठ्ठी दिली.

तिथल्या मॅडमनी ताईंना टेबलावर बसवून टेप लावली. कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. पाठीला आधार कुठे द्यायचा, तेही.
मग विचारलं, "खुर्चीत बसून काय करायचंय तुम्हाला?"

हे ताईंना कुणी विचारलंच नव्हतं.
"काम," त्या म्हणाल्या. "एसटीडी बूथसाठी अर्ज केलाय. खुर्ची टेबलाखाली गेली पाहिजे."
मॅडमनी लिहून घेतलं.

अशी खुर्ची बनवून घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून रिपोर्ट घेऊन पुन्हा त्याच ट्रस्टकडे. ऑफिस टेलरिंगच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. आणि अर्जदाराने स्वतः हजर राहायचं. हे ताईंना पाठुंगळी घेऊन जिना चढले.

टेबलामागे एक सिंधी काका. रजिस्टर बघून म्हणाले, "बेटी, तुम्हारे नाम पे चेअर गया है."
"मिला है, काका. मेरे नाप का नहीं है."
"चेअर में क्या नाप?"
"नीचे शर्ट का नाप लेते हैं ना? शर्ट तो रात को उतर जाता है. मुझे इसमें सुबह से रात तक बैठना है."

काकांनी चष्मा लावून रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग हळूच म्हणाले, "एक आदमी को दो चेअर नहीं दे सकते. पहला जमा करो, फिर फॉर्म कमिटी में रखूंगा. पास होगा कि नहीं, बोल नहीं सकता."

खाली उतरल्यावर मी म्हटलं, "ताई, पुरात गेली म्हणून सांगू. माझ्या माहेरी मांजर्लीला नेऊन ठेवते. तिथे नदी घरात येते, सगळ्यांना ठाऊक आहे. कोण बघायला येणारय?"
"आणि उद्या एखाद्याची खरंच पुरात गेली, तर त्याचं कोण ऐकेल?"
"पण कमिटीने नाही म्हटलं तर?"
"तर फरशी आहेच की."
"फरशी तुम्हाला. उचलायचं मला," मी बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी ह्यांच्या हातून खुर्ची जमा केली.

चार दिवस मी ताट पुढे ठेवायचे आणि आत निघून जायचे. पाचव्या दिवशी माझ्याच्याने राहवेना. "भाकरी वाढू का?" म्हटलं.
"वाढ. आणि तूही बस."
एवढंच. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

पूर्ण पावसाळा त्यांनी फरशीवर काढला. ओल यायची. जखम भरायची, परत उघडायची. कण्हणं मात्र ऐकू यायचं नाही. पोस्टमन दिसला की सरकत दारापर्यंत जायच्या.

थंडी सुरू झाली तेव्हा मंजुरीचं पत्र आलं.

खुर्ची तयार झाल्यावर मॅडमनी ताईंना त्यात बसवलं. कमरेशी बोटं घालून जागा बघितली, फूटरेस्ट वर घेतलं. "कुठे टोचतंय का?"
ताई खाली बघत होत्या.
"नाही," म्हणाल्या. "पाय टेकलेत."
मॅडम रिपोर्ट लिहायचं थांबल्या. मी खिडकीकडे तोंड केलं.

त्या आठवड्यात एकदा मी बाजारातून आले, तर घरात ताई नाहीत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी आले आणि त्या घरात नव्हत्या. धावत गल्लीत गेले.
त्या कोपऱ्यावर होत्या. एकट्या. हात चाकांवर.
"काय करताय इथे?"
"काही नाही गं. बसलेय."

पुढे एसटीडी बूथ मिळाला. तो त्यांनी बरीच वर्षं चालवला. ट्रस्टच्या पुढच्या शिबिरात माप घेणाऱ्या मॅडम आल्या होत्या. काकांनीच बोलावलं होतं.

अंत्ययात्रा आज चार वाजता, मोरिवलीच्या घरून.

ताई, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. इतकी वर्षं एका घरात राहून हे तुम्हाला एकदाही म्हणाले नाही.

जयभीम, ताई. तुमच्या सुनंदाचं शेवटचं वंदन.