कडूबाईची तीट

आधीची चार पाळण्यातच गेली म्हणून पाचवीचं नाव आईनं कडू ठेवलं. एवढं वाईट नाव असलं म्हणजे दृष्ट लागत नाही. पोर जगली आणि साठीला आली. मग दृष्टीवर तिचा विश्वास बसणार नाही तर काय!

बहात्तरच्या दुष्काळात कडूबाईनं खडी फोडली. चौऱ्याऐंशी साली परंड्याच्या बायकांच्या सोसायटीत उन्हावर वीज करणारी पॅनेलं जोडायचं काम आलं. नखाएवढे निळे-काळे सेल. एकाच्या तोंडाची तार पुढच्याच्या पाठीला कथलाचा डाख देऊन जोडायची, छत्तीस ओवले की वर काच आणि भोवती पत्र्याची चौकट. शिकवायला बब्रुवान मास्तर. चष्म्याला दोरी बांधून बसलेल्या कडूबाईसारखा डाख मास्तरांनासुद्धा जमत नसे, पण ते कबूल कोण करतो.

पुण्याचे साहेब तपासणीला आले. अंगणात पॅनेलं मांडून एकेकाला रेडिओ जोडला. सगळ्यांची गायली, कडूबाईची तिन्ही मुकी.

"या बाईंना उद्यापासून बोलावू नका," साहेब म्हणाले.

कडूबाईला रडूच फुटलं. "म्या खडीवर जाईन सायेब, पर माझा डाख कच्चा म्हनू नगा. दृष्टच लागली. पर तीट लावूनबी लागली कशी?"

मास्तर दचकले. "मावशी, तीट कुठं लावली तुमी?"

"कोपऱ्यातल्या सेलावर, काचेवरनं. लई देखणी झाली व्हती."

काळ्या सेलावर काळं काजळ, दिसणार कुणाला? मास्तरांनी टोपीनं काच पुसली आणि रेडिओ कांद्याचे भाव सांगू लागला. ओवलेल्यातला एक झाकला की सगळी माळ बसते, हे मास्तर शिकवायलाच विसरले होते. साहेबांनी आपला हुकूम मागं घेतला.

तरी तीट नसलेलं पॅनेल बाहेर धाडायला कडूबाई तयार होईना. शेवटी तीट चौकटीवर लावायची असं ठरलं, आणि ती सगळ्याच पॅनेलांना लावू लागली.

सहा महिन्यांनी पुण्याहून एक पॅनेल परत आलं. सोबत चिठ्ठी होती: 'तपासणीची काळी खूण नाही, सबब नापास.' ते मास्तरांनी स्वतः जोडून परस्पर धाडलेलं होतं.

मास्तर ते पॅनेल घेऊन कडूबाईसमोर जाऊन उभे राहिले. तिनं चष्म्यावरून पाहिलं, पॅनेल उलटं करून डाख बोटानं चाचपला.

"तीट लावते मास्तर," ती म्हणाली, "पर आदी ह्यो डाख उसवून पुन्हा द्या."