नूतन वहिनीचं ग्राउंड

पोलीस व्हायचं वेड आमच्या घरात आधी मला लागलं. दोनदा भरतीला गेलो आणि दोन्ही वेळा उंची मोजणाऱ्याने डोक्यावर पट्टी टेकवून मला बाजूला उभं केलं. अर्धा सेंटिमीटर कमी. तेव्हापासून रनाळ्यात मी भरतीतला जाणकार झालो. जो पास होतो तो नोकरीला निघून जातो, सल्ला द्यायला गावात नापासच उरतात.

नूतन वहिनी माझ्या मोठ्या भावाची, अमृतदादाची बायको. दादा सुरतला कापडाच्या कारखान्यात, महिन्या-दीड महिन्याने दोन दिवस घरी येणार. त्यामुळे घरात आई, वहिनी आणि मी, आणि मिरची-कापसाचं पाच एकर शेत. वहिनी बारावी शिकलेली, अंगाने शिडशिडीत, बोलायला कमी. चालायला मात्र अशी की शेतात जाताना ती बांधाच्या टोकाला पोचलेली असायची आणि मी अजून नाल्यापाशी. मग मागे वळून म्हणायची, "धीरजभाऊ, पाय उचला, नईतं भाकर थंडी व्हई जाई."

शाळेत ती आठशे मीटर पळायची. पोलीस व्हायचं हे तिने तेव्हाच मनात धरलं होतं, पण बारावी झाली आणि लग्न लागलं. दोन वर्षं गप्प राहून तिसऱ्या दिवाळीला तिने सगळ्यांसमोर सासूला विचारलं, "आई, माले भरती देवानी शे." दादा ताटातल्या चिवड्याकडे बघत बसला. आमच्या आईचं नाव शांतीबाई आहे, पण शांती तेवढी नावापुरतीच. त्या दिवशी मात्र तिने न ओरडता सगळ्यांना चिवडा वाढला. मग म्हणाली, "एक वरीस. ही दिवाळी ते ती दिवाळी. व्हयनं ते व्हयनं, नई ते मंग त्यानं नाव काढानं नई."

एक वर्ष. पुढचं सगळं त्या एका वर्षासाठी होतं, आणि ते वर्ष वहिनीने माझ्या हातात दिलं.

सुरुवात चांगली होती हे मी सांगितलंच पाहिजे. सकाळी ती पाच किलोमीटर पळायची, दोन दिवसांआड शाळेच्या मैदानावर आठशे मीटर. मी घड्याळ धरून उभा. मुलींना आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत मारलं की वीसपैकी वीस. वहिनी नोव्हेंबरात तीन वीसला होती, जानेवारीत तीनवर आली. शहाण्या माणसाने एवढ्यावर हात जोडले असते.

सव्वीस जानेवारीला नंदुरबारला मुलींची खुली शर्यत होती. वहिनी दुसरी आली. पहिली आली मोगी नावाची मोलगीकडच्या पाड्यावरची मुलगी, आणि तीही बाजारातले प्लॅस्टिकचे बूट घालून. बक्षीस घेताना तिला धापसुद्धा लागलेली नव्हती. तिचा बाप, त्याचं नाव खात्या, कुंपणाशी उभा होता. मी त्याला गाठलं आणि विचारलं, "पोरीकडून सराव काय करून घेतोस?"

"सराव?" तो हसला. "सराव नाही. आमच्यासोबत मोलगीच्या बाजाराला येते. पायीच."

"किती लांब?"

"बारा किलोमीटर जाणं, बारा येणं. पाठीवर गोणी असते."

झालं. मला गुरुमंत्र मिळाला. आणखी दोन प्रश्न विचारायला माझं काय जात होतं? पण जाणकार माणूस प्रश्न विचारत नाही. अर्धं ऐकायचं आणि उरलेलं आपल्या अकलेने भरायचं, ही त्याची रीत. मी गाडीच्या मीटरवर दोंडाईचा रस्त्याने बारा किलोमीटर मोजले, तिथल्या बाभळीला चुन्याचा पट्टा मारला आणि दुसऱ्या आठवड्यापासून वहिनीला तिथवर पळवत नेऊन पळवत आणू लागलो. डांबरी रस्ता. रोज. पाठीवर शाळेचं जुनं दप्तर, त्यात पाच किलो वाळू. मी मागून मोटरसायकलवर. पळणारी ती आणि घाम पुसणारा मी.

महिनाभरात ती दोन पंचावन्नवर आली. त्या पाच सेकंदांनी माझं डोकं फिरलं. मार्चमध्ये मी संध्याकाळचा सरावही लावला. रविवारची सुट्टी तिने एकदा मागितली, तर म्हणालो, रविवार सरकारी नोकरांना असतो, नोकरी लागली की घे.

मग घड्याळ उलटं फिरायला लागलं. तीन. तीन पाच. एप्रिलात तीन बारा. वहिनी जेवताना हातातला घास हातातच ठेवून पेंगायची आणि अंथरुणावर पडली की झोप येत नाही म्हणायची. सकाळी उठल्याउठल्या छातीत धडधडतं, असंही एकदा म्हणाली. कधी कुणाला उलटून न बोलणारी बाई, तिने मीठ जास्त पडलं एवढ्यावरून पातेल्याचं झाकण आपटलं. पायऱ्या उतरताना ती भिंत धरायची. मी आधी घड्याळावर संशय घेतला, मग रस्त्यावर, मग वहिनीवर. स्वतःवर तेवढा घ्यायचा राहिला. माझं निदान एकच होतं, सराव कमी पडतोय.

आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस कामाला हात लावत नाहीत. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "धीरजभाऊ, माले चार दिन मायेरे जाऊ द्या."

"झोका खेळीसन कोनी पोलीस व्हयनं नई, वहिनी."

आई चुलीपाशी होती. तिथूनच ओरडली, "पोरगी शे का बैल? आरे, बैलले बी पोयाना सनले सुटी ऱ्हास!"

आईचं मी ऐकलं नाही. वहिनी माहेरी गेली नाही. आखाजीच्या दिवशी त्रेचाळीस डिग्री ऊन होतं आणि आम्ही चोवीस किलोमीटर केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला गोठ्यामागे नेलं. तिचा आवाज कधी नव्हे तो हळू झाला होता. वहिनीची पाळी दोन महिने चुकली होती. "दिवस गया व्हतीन," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता. दादाला फोन करायचा का, असंही तिने विचारलं. मी दोघींना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दिवस गेलेले नव्हते. आई बाहेर बाकावर येऊन बसली आणि पदराने उगाच तोंड पुसत राहिली. वहिनी शेजारच्या खोलीत तपासणीसाठी रक्त द्यायला गेली. बाईंनी मला आत बोलावून विचारलं, "हिला पळवतं कोण?"

"मी. मीच कोच आहे," मी म्हणालो. छाती काढून म्हणालो, हे आठवलं की आजही मान खाली जाते.

"मग तुम्हालाच सांगते, नीट ऐका. पाळी थांबली आहे ती या पळण्याने आणि खाणं अपुरं पडल्याने. नडगीवर बोट ठेवलं तरी ती कळवळते. हाड आतून तडकायच्या बेतात आहे. एक महिना धावणं पूर्ण बंद. पोटभर जेवण, भरपूर झोप. महिन्यानंतर हळूहळू सुरू करा. नाहीतर पाय मोडेल."

बाहेर पुढचे पेशंट दार ढकलत होते. बाईंनी परत आलेल्या वहिनीच्या हातात गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "सगळं यांना सांगितलं आहे."

मोटरसायकलपाशी वहिनीने विचारलं, "काय सांगं बाईनी?"

मी किल्ली लावली. आईला कळलं तर महिन्याची बंदी कायमची होईल, ही भीती होती. महिनाभर बसवलं तर आजवरची मेहनत पाण्यात जाईल, असंही वाटलं. पण खरं कारण त्याहून लहान होतं. माझं चुकलं हे मला दोन बायकांसमोर म्हणायचं नव्हतं.

"रगत कमी शे," मी म्हणालो. "गोळ्या खा, व्हई जाई बठं बराबर."

तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता दप्तर पाठीला लावून अंगणात उभी राहिली.

ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, बावीस जूनला होतं. आम्हाला कुंपणाबाहेर थांबवलं. तिथे खात्याही आला होता, मोगीचा नंबर पुढच्या तुकडीत होता. वहिनीची तुकडी सुटली. पहिली फेरी तिने एक मिनिट बावीस सेकंदांत मारली आणि ती सगळ्यांच्या पुढे होती. मी कुंपणाची जाळी धरून ओरडत होतो. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा डावा पाय आत मुडपला आणि ती तोंडावर पडली. बाकीच्या मुली तिला वळसा घालून गेल्या. ती उठली. एका पायावर उड्या मारत, मधेच हात टेकत, तिने उरलेलं अंतर पुरं केलं. पंचांनी घड्याळ केव्हाच बंद केलं होतं. आठशे मीटरचे गुण शून्य, आणि गोळा फेकायला उभं राहता येईना. नडगीचं हाड मोडलं होतं.

तिला रिक्षात बसवायला खात्याने हात लावला. मग तो मला म्हणाला, "रोज किती पळायची?"

"चोवीस किलोमीटर. तूच सांगितलं होतंस ना, बाजाराचं."

"रोज? बाजार तर आठवड्यातून एकदाच भरतो, भाऊ. आणि आम्ही चालत येतो. वाटेत दोनदा बसतो. दुसऱ्या दिवशी मोगी गुरं सोडते आणि झाडाखाली झोपते."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याला वाईट वाटत होतं.

वहिनीचा पाय प्लास्टरमध्ये राहिला. आई तिला उचलून बसवायची, डोक्याला तेल लावायची, आणि माझ्याशी महिनाभर बोलली नाही. भादव्यात पाळी परत सुरू झाली असं आईच्या बोलण्यातून कळलं. दिवाळी आली. मला वाटत होतं की वहिनी आणखी एक वर्ष मागेल, आणि आई देईलही. वहिनीने मागितलं नाही. करंज्या तळल्या, दादाला डबा भरून दिला आणि बूट धुऊन पोत्यात बांधून माळ्यावर टाकले.

ती मला काही बोलत नव्हती, हे मला जास्त खात होतं. हाड नशिबाने मोडलं असं ती मानत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तसंच सांगायची, वर हेही सांगायची की धीरजभाऊंनी फार कष्ट घेतले. हे वाक्य मी चारचौघांत तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकायची ताकद नव्हती.

पौषात वाळलेल्या मिरचीची देठं खुडायला आम्ही दोघं खळ्यात बसलो होतो. आई शेजारी गेली होती.

"वहिनी, एक गोट सांगनी शे. आखाजीना दुसरा दिन डॉक्टरीनबाईनी माले सांगेल व्हतं, एक महिना पळानं बंद करा, नईतं पाय मोडी. मी तुमले सांगं नई."

तिचे हात थांबले. मला वाटलं आता ती ओरडेल. मी तयार होतो, खरं तर वाट बघत होतो.

"महिनाच सांगं व्हतं?"

"महिनाच."

"कोनती तारीख व्हती ती?"

"अकरा मे."

तिने मिरचीने लाल झालेली बोटं पुढे धरली आणि अंगठ्याने पेरं मोजू लागली. मोजताना ओठ हलत होते. "मे ना वीस," ती म्हणाली. "जून ना बावीस, ग्राउंडना दिन धरीसन. बेचाळीस." मग तिने त्यातून तीस वजा केले, त्याला वेळ लागला नाही.

"म्हनजे महिनाभर आराम करीसन बी," ती म्हणाली, "बारा दिन ऱ्हातात."