दारातून मराठीत आलेला हुकूम

सकाळचे साडेदहा. जेद्दातलं वृद्धांचं केंद्र, बायकांचा विभाग, तळमजल्यावरचा हॉल. सात म्हाताऱ्या गोल करून बसलेल्या. पाच व्हीलचेअरवर, दोन सोफ्यावर. मी खाली गालिच्यावर.

खाला शरीफाच्या मांडीवर ट्रे, ट्रेमध्ये पितळेचा लहान खलबत्ता. खाला म्हणजे मावशी. इथल्या सगळ्या म्हाताऱ्यांना आम्ही खालाच म्हणतो. शरीफाची उजवी बाजू अर्धांगाच्या झटक्याने गेलेली. वाचाही गेलेली. मी इथे कामाला लागल्यापासून तिचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी ती डाव्या हाताने कहव्यासाठी, म्हणजे अरबी कॉफीसाठी, वेलदोडे कुटत होती. कुटता कुटता तिच्या घशातून सूर निघाला. मला आधी वाटलं, ठसका लागला. मग शब्द आले. नवरीला मेंदी लावतानाचं गाणं होतं. सोफ्यावरच्या खाला मुनीराने टाळ्यांचा ठेका धरला. दुसरीने धरला. मी श्वास रोखून बसले होते.

दार उघडलं.

“ऊठ. अकरा नंबरला बेडवर संडास झालाय. चल, आवर.”

आमच्या सुपरवायझर मॅडम. पुण्याच्या. मराठीत बोलल्या.

मी म्हणाले, “मॅडम, पाच मिनिटं द्या. खाला गातायत. आणि अकरा नंबर आज लिझाकडे आहे.”

“लिझाला राहू दे. तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच केलंय ना. तुला कसली आलीये किळस?”

हसत बोलल्या. आवाजसुद्धा चढवला नाही. हॉलमध्ये आम्ही नऊ जणी होतो. वाक्य दोघींनाच कळलं. बोलणारीला आणि मला.

मी उठले.

त्या काय बोलल्या यापेक्षा मी उठले, हे मला जास्त लागलं आहे.

अकरा नंबरला खाला झहरा. नव्वदीच्या पुढची, अंगावर मांस नाही. मी तिला कुशीवर वळवलं, पुसलं, चादर बदलली. ती तोंड झाकून घेत होती. माफ कर, माफ कर, म्हणत होती. मी तिचा हात धरला. तिच्या घाणीची मला कधी किळस आली नाही. ते माझं काम आहे आणि मी ते चांगलं करते. किळस त्या वाक्याची आली. हात तीनदा धुतले तरी गेली नाही.

हॉलमध्ये परत आले तेव्हा टीव्ही लागला होता. खलबत्ता खिडकीत ठेवलेला. खाला शरीफा भिंतीकडे बघत होती. तोंड मिटलेलं.

मी बीड जिल्ह्यातली. एएनएमचा नर्सिंग कोर्स केला, अंबाजोगाईत खासगी दवाखान्यात पाच वर्षं काढली, मग इथे आले. आई ग्रामीण रुग्णालयात झाडूला होती. तिची आईही. आमच्या वस्तीतल्या बायकांना त्या दवाखान्यात दुसरं काम कधी कुणी दिलंच नाही.

मॅडमनी हे पहिल्याच दिवशी काढून घेतलं. “अय्या, मराठी का? गाव कुठलं?” सांगितलं. “गावात राहायला कुठे?” स्टँडच्या मागे, म्हणाले. “म्हणजे कुठली आळी?” वस्तीचं नाव सांगितलं. “अच्छा,” म्हणाल्या. त्या एका ‘अच्छा’नंतर स्टाफच्या खोलीत माझा कप वेगळ्या फळीवर गेला. लिझा फिलिपिन्सची. तिला वाटलं, मला काही आजार आहे. तिने मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं. काय सांगणार तिला? इंग्रजीत ते सांगायला मला शब्द नव्हते. आणि होते तरी लाज वाटली. लाज मला वाटली, हे बघा.

मी अरबी लवकर शिकले. म्हाताऱ्यांशी बोलत बसायचे म्हणून शिकले. केंद्रातल्या सौदी समाजसेविकेने ते पाहिलं आणि रोज पाऊण तासाचा गट माझ्याकडे दिला. कपड्याच्या घड्या घालणं, चेंडू देणं-घेणं, कहवा करणं, जुन्या गोष्टी काढणं. ज्यांचं कुणी नाही किंवा ज्यांना घरी सांभाळणारं कुणी उरलं नाही, अशाच बायका इथे आहेत. त्यांना दिवसभर काही विचारलं जात नाही. जेवण येतं, गोळी येते, दिवा बंद होतो. त्या पाऊण तासात त्यांना विचारलं जायचं.

आणि त्याच पाऊण तासात सगळ्यांना काम आठवायचं. कुणी बीपी घ्यायला येतं. कुणी किल्ली मागायला. डायपरचं खोकं कुठे ठेवलं, म्हणून विचारायला. पाहुण्यांना हॉल दाखवायला. दार उघडलं की मुनीरा उठू बघायची. तिला वाटायचं, मुलगा आला. मुलगा नाही, हे तिला रोज नव्याने सांगावं लागायचं. मग ती रडायची, तिच्यामागे दुसरी अस्वस्थ व्हायची, आणि घडी बसायला दहा मिनिटं जायची. तेवढ्यात पुन्हा दार.

मी दारावर कागद चिकटवला. अरबीत आणि इंग्रजीत. ‘गट चालू आहे. कृपया सव्वाअकरानंतर यावं.’ बीपीवाल्या थांबायला लागल्या. किल्लीवालेही. माणसं वाईट नव्हती, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं इतकंच. तिसऱ्या दिवशी मॅडमनी कागद फाडला. “तू आता आम्हाला वेळा देणार?” म्हणाल्या.

झहराच्या खोलीतून आले त्या दिवशी मला माझी तिसरीची शाळा आठवली. कविता चालू असायची. सगळा वर्ग एका सुरात. मला सगळ्या कविता पाठ व्हायच्या, एकदा ऐकल्या की. आणि मधेच बाई बोट करायच्या. “ए, तू ऊठ. संडासात पाणी टाकून ये.” वर्गात चाळीस मुलं. बोट माझ्याकडेच. मी बादली भरायचे, खराटा घ्यायचे. भिंतीपलीकडून कवितेचा पुढचा भाग ऐकू यायचा. मी तो खराटा मारता मारता पाठ केला आहे. घरी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “कर माय. शाळंत बसू तर देतेत.”

आईवर राग नाही. तिला तेवढंच मिळालं होतं आणि तेवढ्यातून तिने मला शिकवलं. पण ते वाक्य माझ्या हाडात बसलं. बसू तर देतात. इथे आले, तरी तेच. काम तर देतात. इकामा, इथे राहायचा परवाना, तर करून दिला. म्हणून ऊठ म्हटलं की मी उठत होते.

इथून उठून जायचं तरी कुठे? राहायची खोली केंद्राच्याच आवारात. गेटवर सही. शुक्रवारी गाडी शराफियाच्या बाजारात नेते, तीन तासांनी परत आणते. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात, ‘सुरक्षित राहावा म्हणून’. करार दोन वर्षांचा. रजा मॅडमच्या सहीने, शेरा मॅडमच्या सहीने. सकाळी डोळे उघडले की छत दिसायचं आणि पहिला विचार यायचा, आज किती वेळा उठवतील.

खाला शरीफा पुन्हा गायली नाही. मी रोज तिच्या मांडीवर खलबत्ता ठेवायचे. ती हात काढून घ्यायची. एकदा मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. म्हणाले, “खाला, त्या दिवशी मी गेले, माझं चुकलं.” तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मान फिरवली. ज्या बाईला आयुष्यात पुन्हा एकदा तोंड उघडता आलं होतं, तिला मी अर्ध्यात सोडून गेले होते. हुकूम आला म्हणून. शाळेतल्या बाईंनी माझ्याशी जे केलं, तेच मी तिच्याशी केलं होतं. हे कळलं तेव्हा मी भांडी ठेवायच्या खोलीत जाऊन बसले. रडले नाही. नुसती बसले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी. सोमवार होता. रुमालांच्या घड्या चालल्या होत्या. दार उघडलं.

“ऊठ. अकरा नंबर.”

मी बसून राहिले.

“ऐकू येत नाही का?”

“लिस्सा, मॅडम,” मी म्हणाले. अरबीत. लिस्सा म्हणजे अजून नाही. म्हाताऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी पुढेही अरबीतच बोलले. मोडकं, पण सगळ्यांना कळेल असं. “अकरा नंबर आज लिझाकडे आहे. ती बाहेर टेबलापाशी बसली आहे. गट संपला की मी तिला मदत करीन.”

मॅडम मराठीत म्हणाल्या, “लाज वाटत नाही उलट बोलायला? ज्या कामाला जन्मलात ते करायला आता हिला जड जातंय.”

“हे अरबीत बोला, मॅडम. ह्या सगळ्या ऐकतायत.”

मग मीच सांगितलं. मुनीराकडे बघून, शब्द शोधत शोधत. “खाला, ही म्हणते, माझ्या आईने घाण काढली, आजीने काढली, म्हणून माझा जन्मही घाण काढायलाच. आमच्या देशात असं मानणारी माणसं आहेत. ही त्यातली आहे.”

मुनीराला किती कळलं, माहीत नाही. तिने मांडीवरचा रुमाल घडी करून बाजूला ठेवला आणि मॅडमना विचारलं, “ती घाण आमची ना?”

माझा अपमान करायला मॅडम या म्हाताऱ्यांची विष्ठा वापरत होत्या. मला आतापर्यंत फक्त माझाच अपमान दिसला होता.

दारात लिझा उभी होती. मॅडमकडे बघून ती इंग्रजीत म्हणाली, अकरा नंबर माझा आहे, मी जाते. आणि गेली. झहरा चार मिनिटांत स्वच्छ झाली. एवढंच काम होतं ते.

दुपारी ऑफिसात बोलावणं. टेबलावर कागद. कामास नकार, रुग्णाकडे दुर्लक्ष. खाली माझ्या सहीची जागा. मी सही केली नाही. एक दिवस मागितला.

आमच्या गाडीचा ड्रायव्हर दापोलीकडचा. वयस्कर माणूस, मी त्यांना चाचा म्हणते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तोंडी बोललेल्याला हितं काय किंमत नाय. लिवून दे. आणि कापी घेतल्याबिगर हलू नको.” मोबाइलवरून कामगार कार्यालयात तक्रार कशी टाकायची, तेही त्यांनीच दाखवलं.

मी लिहिलं. दोन्ही दिवसांची मॅडमची वाक्यं जशीच्या तशी, देवनागरीत. खाली अरबीत अर्थ. कुणाची ड्यूटी होती, कोण हजर होतं, ते. पासपोर्टचंही लिहिलं. ऑफिसने शिक्का मारून कॉपी द्यायला टाळाटाळ केली. मी खुर्चीतून हलले नाही. तासाभराने दिली. कामगार कार्यालयाकडे तक्रारही टाकली.

त्याची किंमत लगेच वसूल झाली. गट बंद. मला वरच्या मजल्यावर टाकलं, बारा तास वॉर्डात. खालच्या हॉलमध्ये मोडक्या व्हीलचेअर ठेवल्या आहेत. समाजसेविका म्हणाली, बघते, बघते. आठवड्याभराने तिची बदली झाल्याचं कळलं. लिझाची रजा रद्द झाली. ती मला टाळते. तिला दोष देत नाही. खाला शरीफा आता खोलीतच असते. गाणं आलं नाही. येईल, असं मी कुणाला सांगणार नाही.

गेल्या आठवड्यात मॅडम माझ्या खोलीवर आल्या. पहिल्यांदाच. डब्यात बेसनाचे लाडू. माझ्या पलंगावर बसल्या. “माझंही बोलताना जरा चुकलं असेल,” म्हणाल्या. “पण बाहेरच्यांसमोर कशाला? परदेशात आपण मराठी माणसांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं. कागद मागे घे. गट परत देते.”

गट परत देते. क्षणभर मला शरीफाचा चेहरा दिसला. खरं सांगते, क्षणभर मी डगमगले.

मी विचारलं, “आपण म्हणजे कोण, मॅडम? त्या दिवशी तुम्ही ‘तुमच्याकडे’ म्हणालात.”

“शब्दात काय धरून बसलीस?”

“गट तुमच्या हातचा नको, मॅडम. आज तुम्ही द्याल, उद्या दार उघडून ऊठ म्हणाल.”

डबा त्यांच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं.

करार संपायला अजून अकरा महिने आहेत. पासपोर्ट कपाटातच आहे. गेटवर सही आहेच. बाहेर पडता येत नाही, हे रोज सकाळी कळतं, आणि छातीवर बसतं. खोटं कशाला बोलू? पण ऊठ म्हटल्यावर आपोआप उठणारं माझ्या अंगातलं जे काही होतं, ते त्या सोमवारी गेलं. परत आणायचं नाही.

कामगार कार्यालयाकडून समेटाच्या बैठकीची तारीख मोबाइलवर आली आहे. केंद्र चालवणाऱ्या कंपनीतर्फे मॅडमही असतील. तिथे कंपनीवाले मला मिटवून टाका म्हणतील. मिटवणार नाही. मी कागद काढीन आणि त्यांची वाक्यं त्यांच्यासमोर वाचीन. आधी मराठीत, मग अरबीत. कुणी मधे थांबवलं, तर पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचीन.